रडणाऱ्या बाईचं नाणं

“मास्तर, ही बाई का रडते आहे?”

मिल्कामावशींनी नाणं माझ्यापुढे धरलं तेव्हा मी त्यांच्या ओटीवर सतरंजीवर बसून कोकम सरबत पीत होतो. बसायला दुसरं काही उरलंच नव्हतं. खुर्च्या शेजारच्यांकडे गेल्या होत्या, कपाट पेणच्या कुणीतरी नेलं होतं आणि भिंतीवर तसबिरींच्या जागी नुसते पांढरे चौकोन राहिले होते. १९७८ सालचा फेब्रुवारी होता. पुढच्या सोमवारी मावशी अलिबाग सोडून कायमच्या इस्रायलला जाणार होत्या. त्यांचा मुलगा, डेव्हिड, दहा वर्षांपूर्वीच तिकडे अशदोदला गेला होता आणि आता तो आईला न्यायला आला होता.

आमच्याकडच्या बेने इस्रायलांची घरं तेव्हा अशी एकामागून एक बंद होत होती. शंभर पिढ्या इथल्या मातीत राहिलेली, घाण्यावर तेल गाळणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटली गेलेली ही माणसं. इस्रायल आळीतल्या ज्या घरातून कालपर्यंत बिरड्याचा वास यायचा, तिथे आज कुलूप दिसायचं.

मी नाणं हातात घेतलं. चार आण्याएवढं, चांदीचं. एका बाजूला जाड मानेचा, टक्कल पडलेला माणूस, डोक्यावर पानांची माळ. मी उलटवलं. दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसलेली एक बाई. गुडघे जवळ घेतलेले, डोकं हातावर टेकलेलं. तिच्यामागे एक खांब, त्यावर ढाल आणि चिलखत टांगलेलं.

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

“हे कुठे होतं, मावशी? एझकेलकाकांनी मला कधी दाखवलं नाही.”

“कोणालाच दाखवलं नाही,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात शिवलेलं होतं. काल कोट उसवताना सापडलं. म्हणजे आहे ते ठाऊक होतं मला. पण कुठे ठेवतात ते माहीत नव्हतं.”

एझकेल चरीकर म्हणजे मावशींचे यजमान. वर्षभरापूर्वी गेले. दुसऱ्या महायुद्धात ते हिंदी सैन्यातून पॅलेस्टाईनला होते, हैफाच्या रसद डेपोवर कारकून. तिथून परत येताना लोकांनी घड्याळं आणली, काकांनी पत्र्याचा डबा भरून नाणी आणली. मी शाळेत इतिहास शिकवायचो, मला नाण्यांचा नाद. त्यातही रोमन बादशहांच्या नाण्यांचा. गावात हा नाद समजणारं दुसरं माणूस नव्हतं, त्यामुळे काकांची आणि माझी गट्टी जमली. शनिवारी त्यांचा शब्बाथ संपला की आम्ही दोघं डबा उघडून बसायचो. रोमन सम्राट म्हणजे आजच्या भाषेत कसे जाहिरातबाज होते, हे मी त्यांना रंगवून सांगायचो. वर्तमानपत्र नाही, रेडिओ नाही, मग राज्यभर आपलं तोंड पोचवायचं कसं? तर नाण्यावरून. धान्य वाटलं, काढ नाणं. पूल बांधला, काढ नाणं. लढाई जिंकली, मग तर काढच. काका ऐकून घ्यायचे. म्हणायचे, “मास्तर, ज्याचं तोंड नाण्यावर, त्याचीच गोष्ट खरी ठरते, नाही?”

आणि या माणसाने हे नाणं मला एकदाही दाखवलं नव्हतं.

“ह्यांना विचारलं की म्हणायचे, सांगेन कधीतरी,” मावशी सांगत होत्या. “वर्षातून एकदा काढायचे बाहेर. बिरड्याच्या सणाला.”

बिरड्याचा सण नावाला सण. खरं तर तो त्यांचा दुखवट्याचा दिवस. आधीचे नऊ दिवस मांसमच्छी बंद, कडव्या वालाचं बिरडं खायचं आणि शेवटच्या दिवशी कडक उपास.

“त्या दिवशी हे जमिनीवर बसायचे, मुठीत हे नाणं. मी म्हणायची, अहो, सांगा तरी कोण ही. तर म्हणायचे, आज नको, ऐकशील तर तुलाही रडू येईल. मग उद्या, मग पुढच्या वर्षी. असं करता करता माणूसच गेलं.” त्यांनी पदराने नाक पुसलं. “डेव्हिडला यात काही कळत नाही. तो म्हणतो, जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला कायद्याने बंदी आहे, विमानतळावर धरतील. म्हणून मी ठरवलं, मास्तरांना विचारायचं. आमच्या कामाचं काही असेल, आमच्या माणसांचं, तर मशिदीत देऊन जाते. तिथल्या पेटीत राहील.” बेने इस्रायल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. “आणि तसं काही नसेल तर तुम्ही घ्या. ह्यांचा तुमच्यावर जीव होता.”

मी खिशातून भिंग काढलं. मावशी माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. मराठी तिसरी शिकलेल्या त्या. शाळामास्तर या शब्दावर त्यांची मशिदीतल्या पोथीइतकी श्रद्धा.

“त्या बाईच्या खाली बारीक अक्षरं आहेत,” त्या म्हणाल्या. “इंग्रजीसारखी. मला वाचता येत नाहीत.”

मी भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाहेर डेव्हिड कुणाशी तरी ट्रंकेच्या कुलपाबद्दल बोलत होता.

“झिजलीत,” मी म्हणालो. “लागत नाहीत.”

“आणि बाई?”

“रोमन लोकांची कुठली तरी देवी असावी. त्यांच्यात पुष्कळ देव्या. शांतीची, धान्याची, नशिबाची.”

“देवी कशी रडेल?”

“रडत नाही ती, मावशी. विसावलीय.”

त्यांनी नाणं माझ्या हातातून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं. मग हसल्या. थोडंसं निराश हसू.

“घ्या. म्हणजे ह्यांनी उगाचच माझी तीस वर्षं चेष्टा केली.” आणि नाणं माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी माझी बोटं स्वतःच्या हातांनी मिटली.

सोमवारी मी त्यांना पोचवायला रेवसच्या धक्क्यापर्यंत गेलो होतो. लाँच सुटताना त्या रडत होत्या आणि मला सांगत होत्या, “मास्तर, इंदूला घेऊन या हो एकदा तिकडे.” इंदू म्हणजे माझी बायको. ती माझ्या शेजारी उभी राहून हात हलवत होती.

घरी माझा एक सागवानी खणांचा संच होता, सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला. आत निळी मखमल, मखमलीत गोल खाचा, प्रत्येक खाचेखाली चिठ्ठी. ऑगस्टसपासून सुरुवात. टायबेरियसची दोन होती, ज्याची नाणी मिरीच्या बदल्यात जहाजं भरून आपल्या किनाऱ्याला यायची तो. नीरोचं एक होतं, ज्याने नाण्यातली चांदी कमी करून टाकली. काही खाचा रिकाम्या होत्या. पण चिठ्ठ्या रिकाम्या खाचांखालीही तयार होत्या. नाणं आज ना उद्या मिळणार, अशा हिमतीवर मी त्या आधीच लिहून ठेवल्या होत्या. म्हणजे मजकूर माझा, अक्षर इंदूचं. माझं अक्षर कोंबडीचे पाय, तिचं मोत्यासारखं.

त्या नाण्यासाठीची खाच तीन वर्षं रिकामी होती. मी ते तिथे ठेवलं. घट्ट बसलं.

त्याच दिवाळीत पुण्याला नाणेसंग्राहकांचं प्रदर्शन होतं. मी सगळा संच घेऊन गेलो. मला दुसरं बक्षीस मिळालं. प्रदर्शनाची छोटी पुस्तिका निघाली होती, तिच्यात माझा दीड पानांचा लेख छापून आला. लोक त्या एका नाण्यापाशी थांबत होते, वाकून बघत होते. मी बाजूला उभा राहून समजावून सांगत होतो. इतकं छान मी वर्गातही कधी शिकवलं नसेन.

मावशींचं पत्र आलं ते पुढच्या वर्षी, जुलैअखेरीस. शाळेतून आलो तर इंदूने ते फोडून वाचलेलं होतं. पत्र आम्हां दोघांच्या नावे होतं. तिने ते माझ्याकडे दिलं आणि समोरच बसून राहिली.

मोठमोठी, एकेक सुटं काढलेली अक्षरं होती.

“मुकुंद मास्तर व इंदू यांस मिल्काबाईचा शालोम. आम्ही खुशाल आहोत. इथे उकाडा आपल्यासारखाच, पण घाम येत नाही. आता मुख्य गोष्ट लिहिते. गेल्या महिन्यात डेव्हिडने मला जेरुसलेमला नेलं. तिथे संग्रहालयात काचेच्या पेटीत मला ती बाई दिसली. मी ओरडलेच, पहारेकरी धावत आला. सुनेने खालचं वाचून दाखवलं. मास्तर, ती देवी नाही. ती आमची आहे. रोमी बादशहाने आमचं राज्य बुडवलं, त्याच्या लेकाने आमचं मंदिर जाळलं, माणसं बांधून नेली, आणि वर आनंद झाला म्हणून ही नाणी पाडली. ती बाई म्हणजे आमचा देश. खाली सहा अक्षरं असतात, ते आमच्या देशाचं नाव आहे. तुमच्या नाण्यावरची झिजली होती म्हणून तुम्हाला समजलं नाही. समजलं असतं तर तुम्ही मला सांगितलंच असतं. मंदिर जळालं त्याचाच तो बिरड्याच्या सणाचा उपास. आता मला कळलं हे मूठ मिटून का बसायचे. मी तिथेच त्या पेटीपुढे जमिनीवर बसले. सून लाजली. मी म्हटलं, बसू दे.

“नाणं मशिदीत द्या असं मी म्हणणार नाही. दिलं ते दिलं. तुम्ही शिकलेले आहात, चार माणसांना दाखवाल, खरी गोष्ट सांगाल. फक्त एक करा. खाली चिठ्ठी लिहिली असेल ती बदला. देवी असं लिहू नका.”

मी पत्र वाचून संपवलं. वर बघितलं नाही. परत पहिल्यापासून वाचू लागलो.

“चिठ्ठी मीच लिहिली होती,” इंदू म्हणाली.

मी पत्राची घडी घातली.

“‘सम्राट व्हेस्पाशियन. ज्युडिया जिंकल्याचं नाणं. विजयचिन्हाखाली शोक करणारी ज्यू स्त्री.’ मी विचारलंही होतं तुम्हाला, शोक करणारी की करीत असलेली. नाणं यायच्या तीन वर्षं आधी.”

“इंदू...”

“अक्षरं झिजली आहेत का हो खरंच?”

झिजलेली नव्हती. ती सहा अक्षरं मावशींच्या ओटीवर भिंगातून मला स्वच्छ दिसली होती. त्या नाण्यामागची सगळी हकीकत मला पाठ होती. व्हेस्पाशियन मोठ्या घराण्यातला नव्हता, यादवीत सैन्याच्या बळावर गादीवर बसलेला. नव्या बादशहाला एक मोठा विजय लोकांपुढे मिरवायला हवा होता आणि तो त्याला जळलेल्या जेरुसलेममध्ये मिळाला. सोन्यात, चांदीत, तांब्यात, सगळीकडे त्याने ती बाई ठोकली. पुण्याच्या पुस्तिकेत हे दीड पान मीच लिहिलं होतं. मावशींच्या ओटीवर मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, ही तुमची आहे. मग ते मशिदीतल्या पेटीत गेलं असतं आणि माझी खाच रिकामी राहिली असती.

इंदू उठून आत गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला.

मी उत्तर लिहायला बसलो. पहिल्या कागदावर लिहिलं, ‘मावशी, मला माहीत होतं.’ पुढचं वाक्य सुचेना. तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, ‘आपल्या पत्राने माझ्या ज्ञानात मोलाची भर पडली. ही गोष्ट आपल्यामुळेच समजली. चिठ्ठी आजच बदलत आहे. सदैव ऋणी.’ हे मात्र एका दमात लिहून झालं. पाकिटाला डिंक लावत होतो तेव्हा इंदू दारात आली.

“काय लिहिलंत?”

“आभार मानले.”

तिने मान हलवली. त्या दिवसानंतर तिने माझ्या नाण्यांची एकही चिठ्ठी लिहिली नाही. मी मागितली नाही आणि तिनेही विषय काढला नाही. नवी चिठ्ठी मी माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात लिहिली. मजकूर जुनाच, खाली एक ओळ वाढवली: ‘माहिती: श्रीमती मिल्काबाई चरीकर, अशदोद, यांच्या पत्रावरून.’

मावशींना माझं उत्तर फार आवडलं. त्यांनी ते आळीतल्या, म्हणजे तिथल्या सगळ्या अलिबागकरांना वाचून दाखवलं म्हणे. दर वर्षी बिरड्याच्या सणाच्या सुमारास त्यांचं पत्र यायचं. ‘आमची बाई बरी आहे ना?’ असं शेवटी असायचं. मी लिहायचो, बरी आहे. बारा पत्रं आली. त्या प्रत्येक उत्तरात खरं लिहायला जागा होती. तेराव्या वर्षी डेव्हिडचं पत्र आलं, आई गेली.

त्यानंतर पाच वर्षांनी, शहाण्णवच्या डिसेंबरात, सकाळी अकराच्या सुमाराला एक मुलगी आमच्या फाटकातून आत आली. वीस-बावीस वर्षांची, पाठीवर पिशवी, उन्हाने लाल झालेली. म्हणाली, “मुकुंद मास्तर? मी याएल. मिल्काआजीची नात.”

इंदूने तिला हाताला धरून आत आणलं. मुलीचं मराठी सगळं स्वयंपाकघरातलं होतं. ‘जेवलीस का’, ‘पुरे झालं’, ‘नको ग बाई’, हे अस्सल अलिबागचं, आणि त्यापलीकडे गेली की अडखळायची. सैन्यातली नोकरी संपवून ती आजीचं गाव बघायला आली होती. घर पाहून झालं होतं, आता तिथे दुमजली लॉज होता. मशीद पाहून झाली होती.

“आता बाई,” ती म्हणाली. “आजी बोलली, मास्तरांकडे आमची बाई आहे.”

मी खण बाहेर काढला. ती जमिनीवर बसली, खण मांडीवर घेतला. बाकीच्या बादशहांकडे तिने बघितलंही नाही. नाण्यावर बोट ठेवलं, अलगद, बाईच्या डोक्यावर. मग ती सहा अक्षरं तिने एकेक करून वाचली. तिला भिंग लागलं नाही.

इंदू चहाचा कप घेऊन उभी होती. तिने तो खाली ठेवला नाही.

“खाली काय लिहिलं?” याएलने चिठ्ठी दाखवून विचारलं. “मला मराठी वाचता येत नाही.”

मी वाचून दाखवलं. शेवटची ओळ वाचली तेव्हा तिचे डोळे भरून आले.

“आजीचं नाव?”

“हो.”

“आजी तिसरी शिकली. सगळ्यांना सांगायची, मी मास्तरला शिकवलं. एवढ्या मोठ्या मास्तरला एक गोष्ट माहीत नव्हती, ती मी शिकवली. आम्ही हसायचो. पण तिला फार...” तिला शब्द सापडेना. तिने छातीवर हात ठेवून श्वास भरून घेतला, छाती फुगवून दाखवली. “असं.”

मी इंदूकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. सतरा वर्षांत तिने माझ्याकडे तसं सरळ पाहिलं नव्हतं.

“याएल,” मी म्हणालो, “मला माहीत होतं.”

ती माझ्याकडे बघून हसली. मान डोलावली.

“हो हो. माहीत. आजीने सांगितलं ना तुम्हाला.”

“नाही. आधीच. मला माहीत होतं.”

“आधीच,” तिने तो शब्द चाखून बघितल्यासारखा उच्चारला. तो तिच्या स्वयंपाकघरात नसावा. “हो. मग आजीने पत्र लिहिलं.”

मला इंग्रजी येत होतं. तिलाही येत होतं. थोड्या वेळापूर्वी आमच्या फाटकाबाहेर रिक्षावाल्याशी ती इंग्रजीतूनच भांडली होती. चार शब्द इंग्रजीतून बोललो असतो तर संपलं असतं. इंदू वाट बघत होती. कपातला चहा बशीत सांडला होता, तरी ती तशीच उभी होती. मुलगी ओल्या डोळ्यांनी हसत होती, बोट अजून चिठ्ठीवरच्या आजीच्या नावाखाली. ते नाव तिथून खोडायचं आणि तिच्या घरातली आजीची ती एकुलती एक गोष्ट तिच्यादेखत मोडायची, हे माझ्याने होणार नाही, असं मी मनाशी म्हटलं. म्हणायला ते बरं वाटलं. पण मी गप्प राहिलो तो तिच्यासाठी नाही, हे मलाही कळत होतं आणि इंदूलाही.

“हो,” मी म्हणालो. “मग आजीने पत्र लिहिलं.”

इंदूने कप तिथेच जमिनीवर ठेवला आणि ती आत निघून गेली.

याएलने नाण्याचा फोटो काढला, चिठ्ठीचा काढला, मग माझाही काढला, खण हातात धरून. मी तिला म्हटलं, हे मशिदीत देऊन टाकतो, तुझ्या हस्ते दे. तर ती म्हणाली, “नको. आजी बोलली, मास्तरांकडेच छान.” निघताना ती माझ्यासमोर उभी राहिली. “आजीने शिकवलं,” ती म्हणाली, “मोठ्या माणसाला असं करायचं.” तिने माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, हलकेच दाबला, मग हात सोडवून स्वतःची बोटं ओठांना लावली. त्यांच्यात उपास सुटल्यावर, प्रार्थना संपल्यावर वडीलधाऱ्यांना असा मान देतात.

मी हात मागे घेतला नाही.